काटा पायात नव्हता

हे लिहिणारच नव्हतो. कागद मशीनले लावला, काढला, चुरगाळला. मंग पुन्हा लावला. कारण असं का ही गोष्ट ज्या जागेची आहे, त्या जागेचं नाव आमच्याकडं कोणी घेत नाही. बाया म्हणतात ‘तठी’. माणसं हसतात न विषय बदलवतात. डॉक्टर लोक इंग्रजीत बोलतात. मंग मराठीत हे लिहायचं कोणत्या तोंडानं?

तरी लिहून राहिलो.

मी इश्वर. गाव आंबागड, किल्ल्याच्या पायथ्याले. तुमसरच्या एका राईस मिलमध्ये हपिसात बसतो. शाळा सातवीतच सुटली. टाइपिंग मिलच्या जुन्या मशीनवर आपलं आपणच शिकलो. लाइन गेली का मिल थांबते, कोंडा हवेतून हळूहळू खाली बसते, सगळीकडं एकदम सुनसान होते. तेवढ्या वेळात लिहितो. लाइन आली का उठतो. म्हणून हे तुकड्यातुकड्यानं आहे.

हिरालाल आमच्याच मिलमध्ये उसन्याच्या टाकीवर आहे. धान वाफवते. थंडीच्या दिवसात सकाळी त्याच्या टाकीजवळ गेलं का दुनिया दिसत नाही. नुसती पांढरी वाफ, न त्यात भिजल्या धानाचा गोड, जड वास. माणूस त्यात उभा राहिला का त्याले आपलेच पाय दिसत नाहीत. मले ते आवडते. मी तिथं चहा घेऊन जातो न दोघं जण वाफेत उभे राहून पितो, एकमेकांले न पाहता.

गेल्या साली, पंच्याऐंशीच्या पौषात, त्या वाफेतूनच त्याचा आवाज आला.

“इश्वऱ्या, रविवारी गावाले जाऊन राहिलो बे. सुम्याले अवधान झालं.”

सुम्या म्हणजे सुमेध, त्याचा पोरगा. तीन वर्षांचा. नाकाडोंगरीले राहते, आपल्या मायजवळ न आजीजवळ. हिरालाल आठवडाभर तुमसरले, रविवारी घरी.

अवधान आमच्याकडं सगळ्याइले माहीत. पायाले ठेच लागली, काटा रुतला, फोड पिकला, का जांघेत गाठ येते. पाय बरा झाला का गाठ जिरून जाते.

“पायाले काय लागलं त्याच्या?” मी विचारलं.

“तेच तं. काहीच नाही लागलं. मायनं दोन्ही तळवे पाहिले, बोटं फाकवून पाहिले. काटा नाही, कुसळ नाही. आन गाठ तं दिवाळीपासून आहे. कधी दिसते, कधी नाही. रडला का मोठी होते. झोपला का गायब.” त्यानं फुर्रकन चहा ओढला. “माय म्हनते सोमवारी बिबा लावतो.”

वाफ थोडी हटली. त्याचं तोंड दिसलं, घामानं चमकत होतं. त्याले माझं तोंड दिसलं असंन.

“काय झालं बे? भूत पाहिलं काय?”

“काही नाही,” मी म्हनलं. “मीही येतो रविवारी.”

“कायले? माह्या मायच्या हातचे झिंगे खायाचे असतीन. तसं सांग ना.”

“हो,” मी म्हनलं. “झिंगे.”

*

आता माझं सांगतो.

मी लहान होतो तेव्हा माझी माय रोज दुपारी मले अंगणात उन्हात निजवत होती न माझे पाय आपल्या मांडीवर घेत होती. हातात सुई. काटा शोधत होती. माझ्या उजव्या जांघेत गाठ होती, सुपारीएवढी. म्हणजे अवधान. म्हणजे पायात कुठंतरी काटा असलाच पाहिजे. माय तळव्यावर थुंकी लावे, अंगठ्यानं दाबे, विचारे, “अठी दुखते? अठी?” मले कुठंच दुखत नव्हतं. पण तिच्या मांडीची ऊब, न ऊन, न बाजूच्या बांधीतून येणारा धानाच्या तणसाचा वास, ह्याच्यानं मले झोप येई. झोपेत मी ‘हो’ म्हणे. मंग ती तिथं खोदे.

तेव्हा एक सपन मले नेहमी पडत होतं. बाभळीचा एक पांढरा काटा माझ्या टाचेतून आत शिरला न चालून राहिला. पिंडरीतून, गुडघ्यातून, मांडीतून, जसा रात्रीच्या वाटेनं माणूस घरी जाते. घाई नाही. जांघेजवळ येऊन तो बसते, घोंगडं पांघरते न म्हणते, मी आता इथंच राहतो. मले त्याचा भेव नाही लागत होता. मले वाटे, राहू दे बिचाऱ्याले.

मंग आजीनं बिबा लावला. बिबा इस्तवावर गरम केला का त्यातून काळं तेल निघते. ते सुईच्या टोकानं गाठीवर टेकवतात. कातडी जळते, फोड येते, न डाग जन्मभर राहते. मी लय वरडलो. गाठ होती तिथंच राहिली.

माझा बाप गोमाजी. बैलाचा जाणकार माणूस. बाजारात कोणी गोऱ्हा घ्यायले गेला का माझ्या बापाले सोबत नेई. एकदा त्यानं एका शेजाऱ्याले चांगला दिसणारा गोऱ्हा घेऊ दिला नाही. मागून हात घालून पाहिला न म्हनला, “एक बाजू रिकामी आहे. गोटी आत अडकली.” घरी आला. जेवला नाही. मी मोरीवर आंघोळ करून राहिलो होतो, माय पाणी टाकून राहिली होती. बाप उभा राहिला, जरासा वेळ पाहिला न मायले म्हनला, “ह्याचा काटा पायात नाही.”

एवढंच. ते एकाहत्तर-बहात्तर साल असंन. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. त्यानं मले नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं माझ्या तोंडावर एक जाळी धरली, गोड सडका वास आला न मी कोणत्यातरी बोडीच्या पाण्यात, पार तळाशी गेलो. वरून शिंगाड्याचे पानं दिसत होते, हिरवे, न त्यातून ऊन खाली येऊन राहिलं होतं. कोणीतरी पाण्यावरून म्हनून राहिलं होतं, “उशीर झाला.”

ते सपन नव्हतं. डॉक्टर खरंच म्हनला होता. बापाले त्यानं नंतर समजावून सांगतलं. गोटी वरच अडकून वाळून गेली होती, काढून टाकली. लहानपणीच आणलं असतं तं खाली बसवता आली असती. एक बाजू चांगली आहे, त्यावर पोराचं सगळं होते, लग्न होते, लेकरं होतात, चिंता करू नका. बाप चिंता करत नव्हता. पण घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही न मरेपर्यंत पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

मीही काढलं नाही. कोणाजवळच नाही. तलावावर पोट्टे पवायले गेले का मी पारीवर बसून त्याइचे कपडे सांभाळत होतो. त्याइच्यातला भैय्यालाल म्हणे, “इश्वऱ्याले पाण्याचा भेव लागते.” लागते तं लागते. मी तेच पकडून ठेवलं.

*

रविवारी एसटीनं नाकाडोंगरीले गेलो. धुकं एवढं होतं का ड्रायव्हर डोकं बाहेर काढून गाडी चालवून राहिला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूचे सागवान एकएक करून धुक्यातून निघत, आमच्याकडं पाहत, न पुन्हा आत जात. हिरालाल खिडकीले डोकं लावून झोपला. मी ठरवलं होतं का बसमध्येच त्याले सांगून टाकू. तोंडात वाक्य जमवलं. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी नाही उठवलं.

घरी पोचलो तं ऊन पडलं होतं. मॅग्नीजच्या खाणीचा काळा धुरळा तिथं झाडाच्या पानावर, कौलावर, सगळीकडं असते. उन्हात तो चमकत होता. अंगणात मालनबाई बसली होती, हिरालालची माय. पाय पसरलेले, मांडीवर सुम्याचे पाय, हातात सुई. मी उंबऱ्यातच थांबलो. मले वाटलं मी पुन्हा लहान झालो न बाहेरून स्वतःले पाहून राहिलो.

“आला का रे इश्वर? ये. बस,” ती म्हनली. “ह्या पोट्ट्याच्या पायात काटा सापडून नाही राहिला.”

सुम्या हसत होता. त्याले गुदगुल्या होत होत्या. बाजूले वाटीत दोन बिबे ठेवले होते, काळे, चकचकीत. हिरालालची बायको वच्छला चहा घेऊन आली. मी चहा खाली ठेवला.

“मावशी, काटा पायात नाही.”

“मंग कोठी आहे? तुह्या डोक्यात?”

सगळे हसले. सुम्याही हसला, कायले ते माहीत नसताना. मी नाही हसलो.

“ते अवधान नोहे मावशी. ती त्याचीच गोटी आहे. खाली उतरलीच नाही. वाटेत अडकली. रडला का तिच्यासोबत आतडंही पुढं सरकत असंन, म्हणून गाठ मोठी दिसते. त्यावर बिबा नका लावू.”

हसणं थांबलं. वच्छलानं पदर ओढला न दरवाज्यामागं गेली. पण तिथंच उभी राहिली, तिच्या पायाचे बोटं दिसत होते.

हिरालाल उठून उभा राहिला. “काय बोलून राहिला बे? माह्या पोराले नामर्द म्हनून राहिला काय? माह्याच अंगनात बसून?”

“तुह्या पोराचं नाही सांगून राहिलो. माह्यं सांगून राहिलो.”

“तुह्यं काय?”

मी सदरा वर केला न पायजम्याचा नाडा जरासा सैल करून कमरेखालची जागा दाखवली. तिथं दोन खुणा आहेत. एक काळा गोल डाग, बिब्याचा. न त्याच्या बाजूनं तिरपी जाणारी पांढरी रेघ, टाक्याची. घरच्याइशिवाय न डॉक्टरशिवाय त्या कोणी पाहिल्या नव्हत्या. ऊन त्यावर पडलं. मले थंडी वाजली.

मालनबाई पुढं वाकली. बोटानं काळ्या डागाले टोचून पाहिलं.

“हा बिबा कोनं लावला?”

“आजीनं.”

“बराबर नाही लावला. फैलला पाह्य कसा.” मंग बोट पांढऱ्या रेघेवर नेलं. “आन ही शिवन?”

“नागपूरची. डॉक्टरनं गोटी काढून टाकली. उशीर झाला होता. माह्याजवळ एकच आहे.”

सांगतलं. एवढ्या वर्षांनी सांगतलं, न काहीच झालं नाही. कोंबडी अंगणात चरत होती, चरतच राहिली. हिरालाल खाली बसला.

“हिऱ्या, तू हात लावून पाह्य,” मी म्हनलं. “गाठीच्या खाली पिशवी आहे का नाही भरलेली, ते पाह्य.”

त्यानं सुम्याले जवळ घेतलं, मांडीवर बसवलं, बापानं पाहावं तसं पाहिलं. मंग माझ्याकडं पाहिलं. 

“इश्वऱ्या. दोन्हीकडं रिकामं आहे बे.”

मले एकाच बाजूचं माहीत होतं. दोन्हीचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण नागपूरचा डॉक्टर बापाले म्हनला होता ते आठवलं: एक बाजू चांगली आहे, त्यावर सगळं होते. न सुम्याजवळ ती एकही बाजू नव्हती. मी ते हिरालालले सांगतलं. लपवलं नाही. म्हनलं, असंच राहिलं तं ह्याले लेकरं होणार नाहीत. पण हा लहान आहे, अजून वेळ आहे.

तेव्हा मालनबाई म्हनली, “मले माहीत होतं.”

“काय?” हिरालाल.

“रिकामं आहे ते. जनमला त्या दिवसापासून. मीच अंगोळ घालत होती ना त्याले. तेल लावताना हात फिरवला, तं काहीच नाही.” ती आमच्याकडं नाही पाहत होती, वाटीतल्या बिब्याकडं पाहत होती. “मले आनंद झाला.”

“आनंद?”

“नाही तं काय? तुह्या बापाचे हाल पाहिले नाही का तू? अंडात पानी भरलं त्याच्या. एवढं. खानीत जाये तं धोतर सोडून दुसरं काही नेसता ये नाही. खानीतले पोट्टे त्याच्या मागं पाय फाकवून चालून दाखवत, हसत. लग्नाच्या पंगतीले जानं सोडलं त्यानं. अर्ध्या गावाच्या मानसाइले तेच. कोनाचे पाय सुजले, कोनाचं ते.” तिनं सुम्याच्या डोक्यावर हात ठेवला. “मले वाटलं, हा सुटला. ह्याच्यात पानी भरायले जागाच नाही. कोनालेच सांगतलं नाही. नजर लागन म्हनून.”

दरवाज्यामागून वच्छला बोलली. “मायजी, तुमाले माहीत होतं न मले नाही सांगतलं?”

“तू रडली असती.”

“मंग आता काय करून राहिली मी?”

  सुम्या बापाच्या मांडीवरून उतरला न बिब्याच्या वाटीकडं गेला. मालनबाईनं वाटी उचलून छपरावर ठेवली. पण हार मानली नव्हती तिनं. “न्यायचं तं न्या,” ती म्हनली. “पन ते डॉक्टर लोक त्या खाली आनतीन. आन खाली आल्या का त्यात पानी भरन. आज्यासारखं. मंग मी कोनाले विचारू?”

  मी म्हनलं, “मावशी, चाल. तूच विचार डॉक्टरले.”

वच्छला पदरानं डोळे पुसत बाहेर आली. “भाऊजी,” ती मले म्हनली, “नागपूरची गाडी केव्हाची असते?”

*

तुमसर रोड टेशनावर सकाळची पॅसेंजर धुक्यातून आली. आधी दिवा आला, मंग आवाज, मंग गाडी. सुम्यानं जन्मात गाडी पाहिली नव्हती. तो दिव्यालेच गाडी समजला न नागपूर येईपर्यंत विचारत राहिला, “दिवा कोठी गेला? दिवा आपल्यासंगं येऊन राहिला का?” मालनबाई म्हणे, “येऊन राहिला बाप्पा. पुढं बसला आहे.”

नागपूरच्या दवाखान्यात लय उशिरा नंबर लागला. डॉक्टर तरुण होता, केस विसकटलेले, रात्रपाळी केलेली असंन. पण हात दोन्ही चोळून गरम केले त्यानं, मंगच सुम्याले हात लावला. म्हनला, थंड हातानं त्या वर पळतात. कितीक लेकरांच्या चांगल्या असतात न नुसत्या थंडीनं वर जातात, मायबाप उगाच घाबरतात. सुम्याच्या तशा नव्हत्या. उजवी जांघेत अडकलेली, न तिच्या बाजूनं अंतरगळ, म्हणजे आतडं खाली सरकलेलं. डावी हाताले लागतच नव्हती.

मंग त्यानं समजावलं. मराठीत. मले ते आवडलं. म्हनला, लेकरू मायच्या पोटात असते तेव्हा ह्या दोघी वर, पाठीच्या कण्याजवळ, मूत्रपिंडापाशी तयार होतात. मंग हळूहळू खाली यायले निघतात. जन्माच्या आधी पोचतात. एखादी वाटेतच थांबते. कधी कधी दोघीही थांबतात. जन्मल्यावर काही महिने वाट पाहायची, बहुतेक येतात. नाही आल्या तं आपण घ्यायले जायचं. पोटातल्या गरमीनं त्या खराब होतात, म्हणून जेवढं लवकर तेवढं चांगलं. “एक-दीड वर्षाचा असताना आणलं असतं तर जास्त बरं होतं,” तो म्हनला. “पण आणलंत.”

मालनबाईनं त्याच्या टेबलावर दोन्ही हात ठेवले. “साहेब, खाली आनल्यावर ह्याच्यात पानी भरन का? ह्याच्या आज्याचं भरलं होतं.”

डॉक्टरनं विचारलं, गाव कोणतं. तिनं सांगतलं. त्यानं मान हलवली, जसं त्याले ते माहीतच होतं. “आजी, ते डासामुळे. डास चावतो, त्यातून बारीक किडे अंगात जातात. गोटी खाली असल्यानं पाणी भरत नाही. वर ठेवल्यानं वाचतही नाही. वाचवायचं असेल तर मच्छरदाणीत झोपवा.”

ती पाहत राहिली. मंग हळूच म्हनली, “मच्छरदानी?” जसं कोणी तिले एवढ्या मोठ्या दुःखाचं एवढं लहान उत्तर देऊन फसवून राहिलं होतं.

“मच्छरदाणी,” डॉक्टर म्हनला.

बाहेर आल्यावर ती भिंतीले टेकून बसली. वच्छला तिच्या बाजूले बसली.  वच्छलानं डब्यातली भाकर मोडली न अर्धी सासूच्या हातात दिली, न तिनं ती खाल्ली.

*

ऑपरेशन होळीनंतर झालं. पळस फुलला होता. सुम्याले आत नेलं तेव्हा तो रडला नाही. नर्सच्या टोपीकडं पाहत होता. वच्छला न मालनबाई वरांड्यात बसल्या. हिरालाल न मी बाहेर, एका निंबाच्या झाडाखाली. पानं गळून राहिले होते, पिवळे, फिरत फिरत. वारा नव्हता तरी गळत होते.

मी डोळे मिटले तं मले ती बोडी दिसली, शिंगाड्याच्या पानाखालची. ह्या वेळी खाली मी नव्हतो, सुम्या होता. हिरव्या उजेडात चालून राहिला होता, त्याच्या हातात तो गाडीचा दिवा. कोणाले तरी शोधत होता. हाका नाही मारत होता. एकएक पान वर करून पाहत होता, जसं घरात लपलेल्या भावंडाले पाहतात. मले वाटलं, पाण्यावरून कोणी आता काही म्हनू नये. कोणीच काही म्हनू नये.

“झोपला का बे?” हिरालाल.

“नाही.”

“मंग रडून का राहिला?”

“निंबाचं काहीतरी डोळ्यात गेलं.”

“हो. निंबाचं,” तो म्हनला. त्याच्याही डोळ्यात गेलं होतं.

डॉक्टर स्वतः बाहेर आला. उजवी चांगली खाली बसली, अंतरगळही बंद केली. डावी सापडली. लय वर होती, लहान होती, पण जिवंत होती. नस आखूड, म्हणून अर्ध्या वाटेपर्यंतच आली. पुढच्या साली पुन्हा यावं लागंल, उरलेल्या वाटेसाठी.

हिरालालनं विचारलं, “साहेब, ह्याले लेकरं होतीन?”

“आज सांगता येत नाही,” डॉक्टर म्हनला. “संधी आहे. होईल असं वचन मी देणार नाही.” मंग जाता जाता थांबला. “आणखी एक. हा मोठा झाला, मिसरूड फुटलं, की त्याला हे सगळं सांगा. अशा मुलांना पुढे वयात आल्यावर तिथं गाठ होण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी त्यानं स्वतःच हात लावून पाहायचं. कडक काही लागलं, तर लगेच यायचं. हे त्याला माहीत नसलं, तर आजचं अर्धं काम वाया.”

हिरालाल ‘हो साहेब, हो साहेब’ करत राहिला. डॉक्टर गेला. हिरालाल खाली बसला न मातीत काडीनं रेघा ओढायले लागला.

आत जायची परवानगी मिळाली तं सुम्या झोपेत होता. ओठ कोरडे, केस ओले. मालनबाई त्याच्या पायाकडं उभी होती. सवयीनं त्याचा तळवा हातात घेतला, अंगठ्यानं दाबला. मंग तिच्या ध्यानात आलं न तिनं तो चादरीखाली नीट झाकून ठेवला. वच्छलानं त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी सांगतलं. काय, ते आम्हाले नाही ऐकू आलं.

संध्याकाळी हिरालाल न मी चहा प्यायले रस्त्यापलीकडं गेलो. टपरीवर वाफ निघत होती, आमच्या टाकीच्या मानानं काहीच नाही. कप हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

“इश्वऱ्या.”

“काय?”

“ते कोन सांगन त्याले?”

“काय ते?”

“डॉक्टर बोलला ते. मिसरूड फुटल्यावर.” त्यानं कपातल्या चहाकडं पाहिलं. “माह्या बापानं मले त्याच्या दुखन्याचं एक अक्षर नाही सांगतलं कधी. मीही नाही विचारलं. एका खाटेवर बसून आम्ही बिडी ओढत होतो. मी त्याच्या धोतराकडं पाहत नव्हतो, तो माह्या डोळ्याकडं पाहत नव्हता. तसाच मेला. आता मी सुम्यासमोर कसा बोलू? माह्या तोंडातून नाही निघनार बे. मी माह्याले ओळखतो. मी टाळीन. म्हनीन पुढच्या साली सांगू, मंग त्याच्या पुढच्या साली.”

“वयनी सांगन.”

“माय कशी सांगन जवान पोराले? काहीही बोलतो बे.”

 माझा बाप आठवला, गाडीत बाहेर पाहत बसलेला, नागपूरहून तुमसरपर्यंत. त्याले किती सांगायचं होतं असंन.

“तू सांग,” हिरालाल म्हनला.

“मी?”

“तूच. तुले तोंड आहे. त्या दिवशी माह्या अंगनात नाडा सोडून उभा राहिला ना? माह्या मायसमोर.”

आम्ही हसलो. चहावाला पाहायले लागला.

“तू कोठीही असला तरी,” तो म्हनला. हसणं गेलं होतं. “मिल सोडून गेला तरी. तुह्यं लग्न झालं तरी. तुह्या बायकोले आवडो न आवडो.”

“तिले तं मी आधीच सांगीन. लग्नाच्या आधी.”

“सांगशील?”

“तुले सांगतलं तं जमलं. आता काय राहिलं?”

रस्त्यावरचे दिवे लागले, एकामागून एक, पार चौकापर्यंत. दवाखान्याच्या खिडक्याही पिवळ्या झाल्या. त्यातली कोणती सुम्याची, ते आम्ही दोघंही शोधून राहिलो होतो, न दोघाइनंही वेगवेगळी धरली.

“मंग सांग,” हिरालाल म्हनला. “तोंडानं म्हन. मले ऐकू दे.”

“सांगीन,” मी म्हनलं. “मिसरूड फुटलं का येईन न सगळं सांगीन. काही गाळनार नाही, काही हसन्यावारी नेनार नाही. पन एक गोष्ट. तूही तठी बसशील. उठून बिडी ओढायले जायाचं नाही.”

“खाली मान घालून बसीन.”

“खाली घाल का वर घाल. पन बस. तुह्या पोराले दिसलं पाहिजे का बाप अठीच आहे. बाकी मी बोलीन, हिऱ्या. माह्यापासून सुरू करीन.”